रिकाम्या ओळी लपवणे (मोबाइल यादी)

मोबाइल अ‍ॅपमधील शोधता येणाऱ्या यादीत ज्या ओळींत दाखवण्याजोगी माहिती नाही, त्या पडद्यावर येऊ न देण्याची रीत. वरकरणी हे काम मांडणीचे. पण लाभार्थ्यांच्या यादीत ‘रिकामी’ कोणत्या ओळीला म्हणायचे, यावर एखादे मूल नजरेस पडते की सुटते, हे ठरते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या अंगणवाड्यांत हा प्रश्न ठळकपणे दिसतो.

निव्वळ भरणीच्या ओळी खुशाल काढाव्यात. आयफोनच्या जुन्या यादीरचनेत नोंदी पाचच असल्या तरी पडद्याच्या तळापर्यंत रेघा उमटत. यादीच्या पायथ्याशी एक कोरा तुकडा जोडून त्या घालवण्याची युक्ती प्रोग्रामर मंडळी वर्षानुवर्षे वापरत आली. 2021 च्या आयओएस 15 पासून त्या आपोआप येणे थांबले. अँड्रॉइडवर शोधात न जुळणारी ओळ नुसती अदृश्य केली, तर तिची जागा पोकळ राहते आणि बोट उगाच खाली सरकवत बसावे लागते. म्हणून ओळ झाकण्याऐवजी मूळ माहितीच गाळून यादी नव्याने मांडणे बरे. रकान्यात चुकून पडलेली एखादी स्पेस संगणकाला ‘मजकूर’ वाटते, हीही नेहमीची खोडी.

नोंद आहे, पण रकाना कोरा आहे, अशा ओळीचे प्रकरण वेगळे, आणि जव्हार-मोखाड्यात ते विशेष नाजूक. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा भाग राज्यभर चर्चेत आला. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता (पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला). त्या बालमृत्यूंपासून येथे मुलांच्या वजनाच्या नोंदीला आकड्यापलीकडचे वजन आहे. अंगणवाडी सेविका उंची-वजन भरतात आणि मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषित) बसते की मॅममध्ये (मध्यम कुपोषित), हे अ‍ॅप सांगते. 2021 मध्ये केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ आल्यावर अ‍ॅपमधील इंग्रजी आणि हँडसेटची अपुरी क्षमता यांविरुद्ध राज्यातील सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले होते. लहान पडद्यावर लांबलचक यादी चाळण्याचा जाच ज्याने पाहिला आहे, त्याला कोऱ्या ओळी लपवाव्याशा वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र भातकापणी आणि दिवाळी उरकली की पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर भिवंडी, वसई, कल्याणकडे निघतात. मूल आई-बापाबरोबर जाते. मग त्याच्या ओळीत महिनोन्महिने वजन नसते. ‘वजन कोरे, म्हणून ओळ लपवा’ असा नियम लावला, तर यादी नीटनेटकी दिसेल आणि ज्याच्यामागे जायला हवे तेच मूल तिच्यातून गळेल. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने 2021 मध्ये पालघरसह काही जिल्ह्यांत स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली प्रायोगिक पातळीवर आणली, ती याच गळतीवर उपाय म्हणून. कोऱ्या रकान्यात शून्य भरणे हा तर त्याहून वाईट मार्ग: शून्य किलो वजनाचे मूल नसते, पण सरासरी काढणारे यंत्र ते मुकाट्याने मोजते.

नवजात बाळाची ओळ आणखी फसवी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 नुसार नाव न ठेवताही जन्माची नोंद होते व नाव मागाहून घालता येते. तोवर दवाखान्याच्या कागदावर आईच्या नावापुढे ‘यांचे बाळ’ एवढेच असते. अ‍ॅप फक्त बालकाच्या नावाच्या रकान्यात शोधत असेल, तर हे बाळ कधीच सापडणार नाही. नावाच्या क्रमाने लावलेल्या यादीत ते एकदम वर किंवा एकदम तळाला जाऊन पडेल. आईचे नाव आणि पाडा या दोन्हींवर शोध चालला पाहिजे. एकाच पाड्यात भोये किंवा गावित आडनावाची अनेक घरे असली की नुसत्या आडनावाने भागत नाही. शिवाय देवनागरीतला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो आणि ‘नंदा’ कोणी ‘नन्दा’ असेही लिहितो. दोन्ही रूपे एकसारखी करून न घेतल्यास नोंद असूनही यादी मोकळी दिसते.

व्यवहारात वापरण्याजोगी रचना अशी: कोरी ओळ पुसायची नाही, तिच्यावर ‘वजन बाकी’ किंवा ‘बाहेरगावी’ असा शिक्का दाखवायचा. गाळणी सेविकेच्या हाती द्यायची, आणि ती लावलेली असताना वरच्या पट्टीवर ‘42 पैकी 31 दिसत आहेत’ अशा धर्तीची सूचना ठेवायची. हा आकडा नसला, तर पर्यवेक्षिकेला दिसणारी यादी आणि अंगणवाडीचा पट यांतला फरक कोणाच्या ध्यानात येत नाही.

रेंज नसलेल्या पाड्यावर रिकामेपणाचे निराळेच कारण निघते: ओळ सर्व्हरवर आहे, फोनमध्ये अजून उतरलेली नाही. अशा वेळी ‘नोंद आढळली नाही’ हे वाक्य खोटे ठरते, आणि त्यावर विसंबून त्याच मुलाची दुसरी नोंद केली जाते. तेथे शेवटच्या सिंकची तारीख व वेळ दाखवणे योग्य.