राणपूरचा छापखाना : पत्रकर्ते अमृतलाल शेठ

सायंकाळी भाईंदरची गाडी पकडताना हाती ‘जन्मभूमि’ असलेले कितीतरी ज्येष्ठ आपल्यात होऊन गेले. या गुजराती दैनिकाचे संस्थापक अमृतलाल दलपतभाई शेठ (१८९१–१९५४) यांचे चरित्र मात्र क्वचितच सांगितले जाते.

लिंबडी संस्थानातील न्यायाधीशाचे पद सोडून त्यांनी २ ऑक्टोबर १९२१ रोजी राणपूर येथे ‘सौराष्ट्र’ साप्ताहिक काढले. गावाची निवड विचारपूर्वक होती. काठियावाडात दोनशेहून अधिक लहानमोठी संस्थाने. त्यांपैकी कोठेही छापखाना घातला असता, तर दरबाराने त्याला टाळे ठोकण्यास कितीसा वेळ लागला असता? राणपूर होते ब्रिटिश अमलाखालील अहमदाबाद जिल्ह्यात. संस्थानिकांचा हुकूम तेथे चालत नसे. परक्या सत्तेच्या आडोशाने स्वकीय राजांचा जुलूम वेशीवर टांगावा, हा विरोधाभास शेठ यांनी पत्करला. त्या सत्तेची भीड मात्र बाळगली नाही. १९३० साली धोलेरा येथील मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करून ते कारावासात गेले. श्रेष्ठ साहित्यिक झवेरचंद मेघाणी यांची पत्रकारिताही ‘सौराष्ट्र’मध्येच सुरू झाली, हे येथे नमूद करावयास हवे.

पुढे ९ जून १९३४ रोजी मुंबईत ‘जन्मभूमि’ सुरू झाले. फोर्टमधील एका रस्त्याला आज त्याच पत्राचे नाव आहे.