पांढरीच्या पोटात

आमच्या मराठवाड्यात गावाला दोन जमिनी असतात, एक काळी आणि एक पांढरी. काळीत पिकते, पांढरीत माणसे नांदतात. जुनी घरे पडतात, त्यांच्याच मातीवर नवी उभी राहतात आणि पांढरी हळूहळू चढत जाते. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेल्या तेरची पांढरी अशीच चढत आलेली आहे.

वारकऱ्यांना तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. पण गोरोबांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी या गावाचे नाव समुद्रापार पोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात 'तगर' नावाचे शहर येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे शहर. तेथून साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडले. १९५८ साली येथे उत्खनन झाले आणि चापेकरांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे सारे मी पुस्तकात वाचले होते. पुढे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत अशाच एका पांढरीवर खोदकाम चालले होते, तेथे मदतीला गेलो. वाटले होते, कुदळ मारावी आणि हंडा निघावा! हाती आली खुरपी, कुंचला आणि चाळणी. दिवसभर खापरे धुवायची, वाळवायची आणि त्यांच्या पिशवीला खड्डा, थर, खोली लिहिलेली चिठ्ठी बांधायची.

तिसऱ्या दिवशी खड्ड्याच्या भिंतीत एक तांबडा मणी चमकला. मी तो हर्षाने उपटला आणि धावत नेऊन दाखवला. तेथल्या प्रमुखांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, हा कोणत्या थरात होता?"

मला सांगता येईना. भिंतीत तोवर दुसरीकडचीही माती ढासळली होती. त्यांनी चिठ्ठीवर लिहिले, 'ठिकाण अनिश्चित'. रागावले असते तर बरे वाटले असते.

त्या दोन शब्दांचा अर्थ मला तेरच्या संग्रहालयात उमगला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या हजारो वस्तू जपल्या, म्हणून त्या आज आपल्याला पाहता येतात. त्यांत हस्तिदंताची एक नाजूक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणून ती मूर्ती त्याआधीची हे निश्चित. आपल्या मूर्तीचा काळ मात्र तिच्या त्या दूरच्या बहिणीवरून ताडावा लागतो. लामतुऱ्यांनी ती वाचवली. पण तिचा थर कोण वाचवणार?

घराच्या धाब्यासाठी पांढरीची माती खणून नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या मातीबरोबर किती थर गेले असतील!

आता पावसाळा सरला की मी वर्गातल्या मुलांना पांढरी दाखवायला नेतो. अट एकच, काही दिसले तर उचलायचे नाही. गेल्या खेपेला एक पोरगा माझा हात धरून ओढत घेऊन गेला. ओल्या मातीत अर्धा रुतलेला मणी तसाच होता. त्याच्या शेजारी खुणेसाठी त्याने तीन दगड रचून ठेवले होते.