जीपगाडीचे पोलादी संरक्षण

महायुद्धांच्या इतिहासग्रंथांत सेनापतींची नावे, सैन्यांच्या हालचाली आणि जयापजय यांचे वर्णन विपुल आढळते. परंतु आघाडीच्या मागे झाडाच्या आडोशास दुरुस्तीचे सामान मांडून बसलेल्या कारागिराच्या वाट्यास फार तर एखादी ओळ येते. ज्यांच्या घरांत भाता आणि ऐरण पिढ्यान् पिढ्या चालत आली, त्या आपल्या ज्ञातिबांधवांस त्या एका ओळीचे मोल अधिक वाटावे. कारखान्यातून पूर्ण होऊन आलेल्या गाडीस रणभूमीवर लोखंडाची जोड का द्यावी लागली व ती कशी दिली गेली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. सन १९१४ च्या शरदात ब्रिटिश आरमाराच्या विमानदलाचा अधिकारी सॅमसन हा फ्रान्समधील डंकर्क येथे होता. टेहळणीसाठी त्याच्या पथकाच्या मोटारी बेल्जमच्या सरहद्दीपर्यंत धावत, आणि जर्मन घोडेस्वारांशी गाठ पडे. तेव्हा त्याने डंकर्कच्या जहाजबांधणीच्या कारखान्यातून बॉयलरचा पत्रा आपल्या गाड्यांस ठोकून घेतला. काम झटपट झाले. परंतु जवळून झाडलेली बंदुकीची गोळी हा पत्रा थोपवू शकत नसे. याचे कारण लोहकाम जाणणारास सहज उमगेल. बॉयलरच्या पत्र्यास वाफेचा दाब सोसावयाचा असतो. त्यास चिवटपणा लागतो. गोळी अडविण्यास कठीणपणा लागतो, आणि तो विशिष्ट पोलाद तापवून विझविल्यावाचून येत नाही. एका कामाचे उत्तम लोखंड दुसऱ्या कामास कुचकामी ठरते ते असे. त्याच वर्षाच्या अखेरीस आरमार खात्याने रोल्स-रॉईसच्या सांगाड्यावर खऱ्या चिलखती पत्र्याच्या गाड्या उभारल्या, आणि पुढे अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सच्या मोहिमेत अशा गाड्यांनी मोठेच काम केले.

आता जीपकडे वळू. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या चौचाकी गाडीची मागणी केली, तेव्हा तिचे वजन १,३०० पौंडांहून अधिक नसावे अशी अट होती. ही अट कोणासच पाळता येण्याजोगी नव्हती. बँटम कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला, तोही बराच जड होता. पुढे मर्यादा २,१६० पौंडांपर्यंत सैल करण्यात आली. विलीज कंपनीचा अभियंता रूस याने आपली गाडी सुटी करून एकेक भाग तोलला, लांब बोल्ट आखूड केले. रंगाच्या थराचा भारदेखील हिशोबात धरला, असे सांगतात. युद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. पहिल्या सुमारे २५,००० विलीज गाड्यांची पुढची जाळी सपाट लोखंडी पट्ट्या एकमेकींस जोडून केलेली होती. नंतर फोर्डच्या पद्धतीची, पत्र्यातून साच्याने दाबून काढलेली उभ्या फटींची जाळी आली. ती हलकी आणि स्वस्त. लोहाराच्या हातचे काम दाबयंत्राकडे कसे गेले, याचा हा लहानसा पण बोलका पुरावा आहे. गाडीच्या पोटाखाली मात्र दगडधोंड्यांपासून दातेरी चाकांची पेटी वाचावी म्हणून पोलादी पत्रा मुळातच दिलेला होता.

इतक्या कसोशीने वजन छाटलेल्या गाडीवर तीन-चार वर्षांतच सैनिक आपण होऊन लोखंड चढवू लागले, आणि त्याचे कारण मोठे भयंकर होते. जीपची पुढील काच उन्हात चमकून शत्रूस दिसते, म्हणून ती पुष्कळदा बॉनेटवर आडवी पाडून गाडी हाकली जाई. इटलीत आणि नंतर फ्रान्समध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी रस्त्याच्या आरपार, बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर, बारीक तारा ताणून बांधल्या. रात्री दिवे न लावता वेगाने जाणाऱ्या चालकास ती तार दिसणे शक्यच नव्हते. परिणाम काय होई, ते येथे लिहीत नाही.

यावर निघालेला उपाय अत्यंत साधा होता. अँगल लोखंडाचा एक उभा खांब पुढील बंपरच्या मधोमध वेल्डिंगने अथवा बोल्टने बसवावयाचा. तो चालकाच्या डोक्याहून उंच ठेवावयाचा. मागून तिरपा आधार द्यावयाचा. आणि वरचे टोक पुढे वाकवून खाच करावयाची. तार खांबास लागली की वर सरकते, वाकलेल्या खाचेत अडकते आणि गाडीच्या वेगानेच तुटते. येथे चिलखती पोलाद लागत नाही. साधे, मऊ, वेल्डिंगला सोपे लोखंड पुरते, कारण त्याला गोळी अडवावयाची नसून तार तोडावयाची असते. डंकर्कला जे साधले नाही ते येथे साधले, याचे मर्म माझ्या मते हेच आहे. ही युक्ती कोणा एका संशोधकाच्या नावावर नाही. ठिकठिकाणच्या दुरुस्ती-पथकांनी हाती लागेल त्या लोखंडातून आपापल्या परीने हे खांब घडविले. म्हणून जुन्या छायाचित्रांत खांबांची उंची, वाक आणि आधार गाडीगणिक निराळे दिसतात.

जेथे नाव उरले असे एक उदाहरणही आहे. १९४४ च्या जुलैत नॉर्मंडीतील शेतांचे उंच, मुळांनी घट्ट विणलेले मातीचे बांध रणगाड्यांस आडवे आले. बांधावर चढताना रणगाड्याचे पातळ पोट शत्रूसमोर उघडे पडे आणि तोफ आभाळाकडे बघे. सार्जंट कलिन याने पुढच्या बाजूस पोलादी सुळे जोडले. ते बांधात रुतत आणि रणगाडा वर न चढता बांध फोडून पार होई. मूळ सूचना रॉबर्ट्स नावाच्या एका शिपायाची होती व इतर हसले तेव्हा कलिनने ती मनावर घेतली, अशी हकीकत आहे. लोखंड कोठून आणले म्हणाल, तर जर्मनांनीच समुद्रकिनाऱ्यावर रोवलेले अडथळे कापून! १४ जुलै रोजी जनरल ब्रॅडलीने हा प्रयोग पाहिला, आणि २५ जुलैच्या चढाईपूर्वी असे पाचशेंहून अधिक साज तयार झाले. त्याच वर्षी पुढे ह्युर्टगेनच्या अरण्यातील लढाईत कलिनने पाय गमावला.

युद्धानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि ही गाडी आपल्या घाटवाटांवर रुळली. तिच्यामागोमाग बंपरपुढे जाड नळ्यांचा गार्ड बसविण्याची हौसही आली. आपल्या ज्ञातीतील अनेक तरुणांची फॅब्रिकेशनची दुकाने आहेत, त्यांना गिऱ्हाइके असे काम सांगतात, म्हणून दोन शब्द लिहितो. आजच्या मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपून धक्का गिळावा असाच योजलेला असतो. गार्ड थेट चॅसिसला जोडला की धक्का आतल्या माणसांपर्यंत जातो, हवेच्या पिशव्या उघडण्याचे गणित चुकते, आणि पादचाऱ्यास पत्र्याऐवजी कठीण नळीचा तडाखा बसतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचे राज्यांस कळवून कारवाई करण्यास सांगितले. रणभूमीवर ज्या खांबाने मान वाचविली, त्याच्याच जातीचे लोखंड वस्तीच्या रस्त्यावर कोणाच्या तरी जिवावर उठू शकते. तेव्हा गिऱ्हाईक कितीही आग्रही असो, हे काम नाकारावे असे माझे स्पष्ट मत आहे. पोटाखालच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. खडकाळ वाटेवर इंजिनाचे तेलाचे चेंबर तोच वाचवितो. मात्र तो वेल्डिंगने कायमचा न जोडता बोल्टने बसवावा, आणि तेल काढण्याच्या बुचाखाली भोक ठेवण्यास विसरू नये.