१९२७ आणि सातपुड्याचे जंगल

१९२७ हे साल आपण कसे वाचतो? २० मार्चला महाडचे चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. हे साल असेच सांगितले पाहिजे, यात वाद नाही. पण त्याच साली इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा मंजूर केला, हे आपल्या किती अभ्यासवर्गांत सांगितले जाते? महाडला पाण्यावरची बंदी मोडली जात होती आणि १८७८ च्या कायद्याने जंगलावर घातलेली बंदी इकडे अधिक पक्की होत होती. सातपुड्यातला भिल्ल, पावरा आपल्याच डोंगरात चोर ठरला.

महात्मा फुल्यांना हे आधीच दिसले होते. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये (१८८३) त्यांनी डोंगर आणि गायराने गिळणाऱ्या जंगलखात्याला सोडलेले नाही. आपणच तो धागा हातातून सोडला.

आज तापमानवाढीची चर्चा निघाली की सुशिक्षित माणूस सहज बोलून जातो : 'आदिवासींनीच जंगल तोडले ना!' झाडे लावण्याचा उपदेशही त्यांनाच केला जातो. या मताची परीक्षा नंदुरबार जिल्ह्यातच घ्यावी.

सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित केली. १९७९ च्या लवादाने त्या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. ही वीज स्वच्छ म्हणून मोजली जाते. बुडणाऱ्यांना जमीन द्यायची कुठून? १९९० साली केंद्र सरकारने तळोद्याच्या राखीव जंगलातले २७०० हेक्टर त्यासाठी मोकळे केले. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. याच जंगलातली जमीन तिथले भूमिहीन आदिवासी वर्षानुवर्षे कसत होते आणि सरकारदप्तरी 'अतिक्रमणदार' म्हणवले जात होते. त्यांनी नांगर घातला तर जंगलाचा नाश. सरकारने झाडे पाडली तर पुनर्वसन! त्यात कसणारा आदिवासी आणि बुडालेला आदिवासी समोरासमोर उभे राहिले, ही गोष्ट व्यवस्थेच्या सोयीचीच झाली. (जातिव्यवस्थेत हे आपण कमी पाहिले आहे काय?)

पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे मान्य केले. दावे भरताना पुरावे मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गोळा करावे लागतात.

आणि आदिवासींना पर्यावरण शिकवणाऱ्यांनी बिलगावची हकिकत ऐकावी. धडगाव तालुक्यातल्या या गावी उदई नदीचा धबधबा आहे. केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने गावकऱ्यांनी श्रमदान करून, नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने, तिथे छोटे वीजघर उभारले. २००३ साली गावात दिवे लागले. त्यासाठी कोणाचे घर बुडाले नाही, जंगल तोडावे लागले नाही. पोरे रात्री अभ्यासाला बसू लागली.

२००६ च्या पावसाळ्यात नर्मदेचे पाणी चढले आणि ते वीजघर सरदार सरोवराखाली गेले. धरणाची भिंत त्यानंतरही वर गेली, १३८.६८ मीटरपर्यंत.