अढी (हापूस आंब्याची)

झाडावरून उतरवलेला कच्चा हापूस पेंढ्यात घालून पिकवण्याची कोकणातील रीत. मालवण तालुक्यातील मसुऱ्यात आणि गड नदीच्या आसपासच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी अढी लागते.

संत्रे, लिंबू ही फळे तोडल्यावर पिकत नाहीत. त्यांच्यात पिष्टाचा साठा नसतो. साठवणीत आंबटपणा हळूहळू उतरतो आणि साल सुकत जाते, एवढेच. आंब्याचे तसे नाही. तयार फळाच्या गरात पिष्ट भरलेले असते. तोडल्यानंतर काही दिवसांनी फळाचे श्वसन झपाट्याने वाढते, ते एथिलीन वायू सोडू लागते आणि त्या वायूने शेजारचे फळही पिकू लागते. पेंढा ऊब धरतो व हा वायू कोंडून ठेवतो. अढीचे मर्म यातच आहे.

पुढे पिष्टाची साखर होते, तिच्यात सुक्रोज सर्वांत जास्त. सायट्रिक आम्ल घटते. पेक्टिन विरघळून गर मऊ पडतो. सालीतले हरितद्रव्य जाते, गरात बीटा-कॅरोटीन साठून केशरी रंग चढतो. क जीवनसत्त्व मात्र कमी होते. ते कैरीत अधिक असते. लॅक्टोन व फ्युरॅनोन ही सुगंधी द्रव्ये फळ पिकत आले की वाढतात, म्हणून अढी उघडताना रंगापेक्षा वासावर भरवसा ठेवावा.

अढी गोडी निर्माण करत नाही. झाडावर जेवढे पिष्ट साठले, तेवढेच गोडीत उतरते. त्यासाठी फळ 14 आणे, म्हणजे सुमारे 85 टक्के तयार झाल्यावर देठासकट काढावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन’ झेला (आंबे उतरवण्याचे साधन) त्याचसाठी आहे. कोवळे फळ अढीत सुरकुतते आणि आंबटच राहते. बाजार आधी गाठण्यासाठी अशी फळे उतरवणे हा हापूसच्या चवीवरचा सर्वांत मोठा घाला होय. कॅल्शियम कार्बाइडने साल पिवळी होते, गर मागे राहतो. फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आहे.

साका (गर स्पंजासारखा होणे) हा दोष अढीच्या माथी मारला जातो, पण त्याचे मूळ झाडावरच असते. बाठेत अकाली सुरू होणाऱ्या अंकुरणाशी त्याचा संबंध संशोधकांनी दाखवला आहे. साक्याचा आंबा बाहेरून ओळखता येत नाही, चिरल्यावरच कळतो.