कडू इंद्रजव

वैशाख सरत आला की नाशिकहून पेठ-सुरगाण्याकडे जाताना डोंगरउतारावर कुडा फुललेला दिसतो. आदिवासी भगिनी त्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी करतात आणि मुळाखोडाची साल पोटाच्या दुखण्यासाठी राखून ठेवतात. संस्कृतातील कुटज तो हाच. कालिदासाच्या यक्षाने मेघाला अर्घ्य दिले ते याच फुलांचे, आणि वैद्यांचे कुटजारिष्ट होते ते याच्याच सालीचे.

गोव्यात १५३४ साली आलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले होते. येथील वैद्यांकडून ऐकलेले आणि स्वतः पारखलेले वनस्पतिज्ञान त्याने संवादरूपाने लिहिले. तो ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अतिसारावरील एका मलबारी वनस्पतीचे त्यात वर्णन आहे. ती कुडाच, असे पुढील अभ्यासकांनी ओळखले. ओर्ता जन्माने यहुदी घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या आईबापांचा मुलगा. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनच्या निवाड्याने जाळण्यात आले, आणि १५८० साली ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली. सेमिनरीत आम्हांला हे कोणी सांगितल्याचे स्मरत नाही. आपल्या ख्रिस्तसभेच्या हातून घडलेले हे पाप आहे. त्याला दुसरे नाव नाही.

असो. कुड्याच्या सालीतील गुण कशात आहे, याचा शोध पुढे मुंबईत लागला. १८५८ साली डॉ. हेन्स यांनी सालीतून एक अल्कलॉइड वेगळे काढले. कोनेसिन ते हेच. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २४, हायड्रोजनचे ४० आणि नायट्रोजनचे २ अणू असतात. आमांशाच्या अमीबावर ते परिणाम करते.

मात्र युरोपात या सालीची कीर्ती टिकली नाही. त्याचे एक कारण तिचा भाऊबंद, काळा कुडा. दोघांनाही चीक, दोघांनाही जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. बाजारात सालींची सरमिसळ होई, आणि गुण आला नाही की दोष पांढऱ्या कुड्यावर येई. १८६४ मध्ये स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाने बियांतून तेच अल्कलॉइड मिळवले, तेव्हा त्याला नाव दिले राइटिन. हे नाव काळ्या कुड्याच्या ‘राइटिया’ या शास्त्रीय कुळनामावरून आलेले! विद्वानांचीही अशी फसगत झाली.

सुरगाण्याकडच्या एका आजींची मात्र होत नसे. “फादर, शेंगांची टोकं जुळलेली असली तर तो काळा. आन् बी चावून बघा. कडू न्हाई लागली तर ती औषधाची न्हाई,” त्यांनी आम्हांला सांगितले होते. आम्ही चावून पाहिली; तोंडाची कडू चव संध्याकाळच्या मिस्सापर्यंत गेली नाही.

पुढे कलकत्त्यात रामनाथ चोप्रा प्रभृतींनी कोनेसिनचा अभ्यास केला. आमांशाच्या रुग्णांना ते दिलेही जाई. पण झोप उडणे, मन अस्वस्थ होणे असे त्रास दिसून आले. १९६०च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि कोनेसिन मागे पडले. तेव्हा रक्त पडत असेल तर आमच्या वाचकांनी आधी डॉक्टरांकडे जावे, हे सांगितलेच पाहिजे.

मध्यंतरी नाशिकच्या एका दुकानातून आम्ही इंद्रजव आणले. पुडीवर ‘कडू’ असे लिहिलेले होते. दोन दाणे चावले. गोडे निघाले.