हर्षद संख्यांचं कूळ

२०२२, २०२३, २०२४, २०२५. या चारही संख्यांना आपापल्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ६, ७, ८ आणि ९ ने, निःशेष भाग जातो. २०२६ ला माळ तुटते. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव १९५५ मध्ये दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. जन्म डहाणूचा, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला, १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस, मग १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तरकी.

मुळात अंकांच्या बेरजेने भागून बघावं, हे सुचतं कुठून? माझ्या मते ताळ्यातून. गुणाकार तपासायला नऊ-नऊ टाकत अंकांची बेरीज करायची, ही रीत दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’इतकी जुनी. देवळालीच्या फळ्यावर ती असणारच. ताळा जमतो कारण १०, १००, १००० यांतून एक काढला की नवाच्या पटी उरतात. म्हणून बेरीज नेमकी ३ किंवा ९ आली की संख्या हमखास हर्षद!

पण नवाची ही सत्ता दशमानापुरतीच. अष्टमानात ती साताकडे जाते. आपले बारा तिथे १४ असे लिहितात, बेरीज ५, आणि भाग जात नाही. गंमत अशी की बारा फक्त आठाच्या पायावर नापास होतो, बाकी कुठेही नाही. सगळ्याच पायांवर हर्षद राहणाऱ्या संख्या चारच : १, २, ४, ६.

हर्षदची कल्पना ताळ्यातून आली, या माझ्या मतावर प्रतिपक्ष आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जाणं हाही कापरेकरांचा लाडका खेळ, अशा बेरजेतून कधीच न मिळणाऱ्या ‘स्वयंभू’ संख्या त्यातल्याच. मिळवण्याऐवजी भागलं की झालं, ताळा कशाला? मला हे पटत नाही. नुसतं मिळवताना भाग जातो की नाही हा प्रश्नच येत नाही. ताळ्यात तोच मुख्य. ताळ्याला नवाने भागून उरलेली बाकी पुरते, हर्षदला अख्खी बेरीज लागते, हे खरं. हा सांधा माझ्या अंदाजाचा.

१९७७ मध्ये गणितज्ञ आयव्हन निवन यांनी एका परिषदेत हर्षद संख्यांचाच विषय काढला आणि परदेशी लेखांत त्या ‘निवन संख्या’ झाल्या. बावीस वर्षं आधी बारसं झालेलं असताना! कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं की दशमानात सलग २० च्या पुढे हर्षद संख्या मिळत नाहीत. पुढच्याच वर्षी ग्रंडमन यांनी ते इतर पायांना लावलं : मर्यादा पायाच्या दुप्पट. अष्टमानात १६.